माइक की रेडिओ?

रविवार. चिकलठाणा एमआयडीसी आज शांत, त्यामुळे माझ्या छोट्या अ‍ॅम्प्लिफायरची घरघर नीट ऐकू आली. त्यातली एलएम ३८६ ही चिप मुळात सिग्नल २० पट वाढवते. तिच्या १ आणि ८ या पायांमध्ये १० मायक्रोफॅरॅडचा कपॅसिटर लावला की २०० पट. माइकसाठी २००च ठेवले, रेडिओचा सिग्नल आधीच रेझिस्टर लावून दहाव्या हिश्शावर आणला. आता या दोन इनपुटपैकी एकाची निवड कशी करायची? प्रत्येक इनपुटच्या वाटेत एक रेझिस्टर, पुढे ग्राउंडकडे नेणारा बीसी ५४७ ट्रान्झिस्टर. बटण दाबून त्याच्या बेसला ०.७ व्होल्टच्या आसपास मिळाले की ते इनपुट मुकं. आवाजाचा सिग्नल बटणापर्यंत जातच नाही, म्हणून लांब तारांनी ओढून आणलेली घरघरही नाही. (बटण दाबताना होणारा ‘टप्प’ मात्र बेसवर कपॅसिटर टाकला तरच मऊ होतो.) खरखरणाऱ्या रोटरी स्विचपेक्षा हे दोन ट्रान्झिस्टर कधीही बरे.