वाजवायची की जपायची?

युरोपात सुट्टीला गेलेला माणूस काय काय बघतो? आयफेल टॉवर, आल्प्स, फार तर एखादी चॉकलेटची फॅक्टरी. मी चार मजले भरून बंदुका, तलवारी आणि चिलखतं बघून आले. परत येऊन महिना झाला, ऑफिसमध्ये कुणी ‘कशी झाली ट्रिप?’ विचारलं की अजूनही आधी तेच आठवतं.

ठिकाण ग्राझ. ऑस्ट्रियातलं दुसऱ्या नंबरचं मोठं शहर. पुण्यातल्या ऑटोमोबाईलवाल्यांना हे नाव सांगावं लागत नाही, कारण त्यांचा एखादा तरी मित्र तिथे इंजिनांवर काम करत असतो. माझा मामेभाऊ, म्हणजे आमचा दादा, त्यातलाच. व्हिएन्नाहून ट्रेनने साधारण अडीच तास. वाटेत सेमरिंगचा घाट लागतो, तेव्हा खिडकीची सीट सोडू नका. १८५४ मध्ये सुरू झालेली ही रेल्वे आता वर्ल्ड हेरिटेज आहे आणि आपल्या खंडाळ्याच्या घाटाची आठवण आल्याशिवाय राहत नाही. फक्त चिक्कीवाला नाही!

शहर एकदम मस्त आहे. मध्ये मुर नदी, नदीच्या पात्रात शिंपल्यासारखं एक स्टीलचं बेट, त्यात कॅफे. काठावर कुन्स्टहाऊस नावाचं निळं, फुगीर, परग्रहावरून आल्यासारखं आर्ट म्युझियम. दोन्ही २००३ची, ग्राझ युरोपची सांस्कृतिक राजधानी होती तेव्हाची. डोक्यावर श्लॉसबर्ग नावाची टेकडी आणि तिच्यावर घड्याळाचा मनोरा. या घड्याळाची गंमत म्हणजे तासकाटा मोठा आणि मिनिटकाटा छोटा. आधी नुसता तासकाटाच होता, लांबून दिसावा म्हणून मोठा केलेला. मिनिटकाटा नंतर आला आणि धाकटा तो धाकटाच राहिला. पहिल्या दिवशी मी दोनदा चुकीची वेळ वाचली.

दुसऱ्या दिवशी दादा म्हणाला, “चल, तुला एक भन्नाट गोष्ट दाखवतो.” वहिनी म्हणाली, “मी बाहेर थांबते.” तेव्हा मला त्यात काही विशेष वाटलं नाही.

हेरनगासे म्हणजे ग्राझचा लक्ष्मी रोड. ट्राम, शोरूम्स, आईस्क्रीम. त्याच रस्त्यावर एक अरुंद इमारत, दाराच्या दोन्ही बाजूंना मार्स आणि मिनर्व्हा यांचे पुतळे. हे लांडेस्झॉइगहाऊस, स्टायरिया प्रांताचं शस्त्रागार. १६४०च्या दशकात बांधलेलं. तुर्कांच्या, म्हणजे ऑटोमन साम्राज्याच्या सीमेवरचा हा प्रांत. स्वारीची बातमी आली की इथून माणसांना हत्यारं वाटायची आणि मोहीम संपली की परत घ्यायची, असा हिशेब. शस्त्रांची लायब्ररीच म्हणा ना. आज तिथे सुमारे ३२ हजार वस्तू आहेत.

आणि त्या काचेच्या कपाटात एक-एक करून, खाली पितळी पाटी लावून ठेवलेल्या नाहीत. लाकडी छत, लाकडी जमीन, लाकडी घोडे आणि त्यावर ओळीने बंदुका. शेकडो. मागे अजून शेकडो. तोड्याच्या बंदुका, चकमकीच्या बंदुका, दारूची शिंगं, पिस्तुलं, वर चिलखतं, त्याच्या वर भाले आणि तलवारी. उद्या सकाळी फौज येणार आणि एकेक उचलून नेणार असं वाटतं. तेलाचा आणि जुन्या लाकडाचा वास. हीटिंग नाही, त्यामुळे एप्रिलमध्येही जॅकेट अंगावर. हिवाळ्यात जाणार असाल तर तिथल्या गाइडबरोबरच फिरावं लागतं, आधी चौकशी करून जा.

हे सगळं टिकलं कसं, तर एका अर्जामुळे. १७४९ मध्ये मारिया तेरेसा महाराणीला सैन्य एका हाताखाली आणायचं होतं, म्हणून प्रांताची शस्त्रागारं बंद करायची ठरली. स्टायरियाच्या मानकऱ्यांनी विनंती केली, की आमच्या पूर्वजांच्या लढायांची आठवण म्हणून एवढं राहू द्या. महाराणीने राहू दिलं. म्हणजे तेव्हापासून या बंदुका लढण्यासाठी नाहीत, आठवणीसाठी आहेत.

मी हे वाक्य दादाला ऐकवलं, तर तो हसायला लागला. “या वाजवल्यात, माहितीये? आत्ता आत्ता. आपण जन्मलो त्याच्या थोडं आधी.”

मला वाटलं फेकतोय. पण नाही. १९८८-८९ मध्ये या म्युझियमच्या लोकांनी ऑस्ट्रियन लष्कराच्या तज्ज्ञांना बरोबर घेऊन इथल्या काही अस्सल बंदुका आणि पिस्तुलं चाचणीच्या मैदानावर नेली आणि चक्क झाडली. प्रतिकृती नाहीत, सोळाव्या ते अठराव्या शतकातल्या खऱ्या. बंदूक स्टँडला घट्ट बांधायची आणि बार विजेने उडवायचा. कुणाच्या खांद्याला लावून नाही, कारण तीन-चारशे वर्षांच्या लोखंडात आत कुठे गंज खाल्लाय, कुठे जोड उसवलाय, हे बाहेरून कळत नाही. नळी फुटली तर फुटावी, माणूस नको.

निकाल सॉलिड आहेत. गोळीचा वेग सेकंदाला साधारण ४०० ते ५०० मीटर, म्हणजे आवाजापेक्षा जास्त आणि आजच्या कित्येक पिस्तुलांपेक्षाही जास्त. पण नेम? १०० मीटरवर माणसाच्या उंचीचं लक्ष्य, बंदूक स्टँडला बांधलेली, हात थरथरायचा प्रश्नच नाही, तरी गुळगुळीत नळीच्या कितीतरी बंदुकांचा हिशेब नाणेफेकीच्या आसपास. गोल शिशाची गोळी नळीत सैल बसते, आपटत आपटत बाहेर पडते आणि मग तिला वाटेल तिकडे जाते. त्या काळी सैनिक खांद्याला खांदा लावून रांगेत उभे राहून एकदम बार का काढायचे, हे मला शाळेत कुणी सांगितलं नव्हतं. एकट्याचा नेम लागत नाही, म्हणून शंभर जणांनी एकदम मारायचं.

अजून एक प्रयोग केला. सोळाव्या शतकात ऑग्सबर्गमध्ये बनलेल्या कवचावर जवळून पिस्तुलाची गोळी झाडली. कवचाला भोक पडलं, पण गोळीचा जोर तिथेच संपला. आतला माणूस बहुधा वाचला असता.

इथे माझं आणि दादाचं वाजलं. तो इंजिनीअर, त्यामुळे त्याचं म्हणणं सरळ. “यंत्र आहे ते. चालवलं नाही तर ते काय आहे हे कळणारच नाही. कपाटात ठेवलेली बुलेट म्हणजे काय शोपीस?” मी म्हटलं, सोळाव्या शतकातल्या कवचाला विसाव्या शतकातलं भोक पाडलं, ते कुठल्या इतिहासात मोजायचं? तो म्हणाला, “आकडे मिळाले ना?” मिळाले, हे मान्य. जगभरचे इतिहासकार ते आजही वापरतात, हेही मान्य. पण एकदा मिळाले ना, मग बास. दुसऱ्यांदा झाडायचं कारण उरत नाही. ज्याला धूर आणि आवाजाची हौस आहे त्याच्यासाठी इटलीतल्या कंपन्या हुबेहूब जुन्या घडणीच्या नव्या ठासणीच्या बंदुका बनवतात, त्या घ्याव्यात आणि हव्या तेवढ्या वाजवाव्यात.

याच्या अगदी दुसऱ्या टोकाला अमेरिकेतले संग्राहक. तिथे ‘एकदाही न झाडलेली, खोक्यासकट’ या चार शब्दांना पैसे मोजतात. शोभेच्या रिव्हॉल्व्हरचं चक्र नुसतं फिरवलं तरी त्यावर एक बारीक रेघ उमटते आणि किंमत उतरते, म्हणून काही जण ते फिरूच नये असं बांधून ठेवतात. विंचेस्टर कंपनीने १९६६ मध्ये शंभरीनिमित्त खास रायफल काढली, ती लाखाहून जास्त बनली. पुढे मोठी किंमत येईल म्हणून कित्येकांनी ती न वापरता जपली. सगळ्यांनीच जपली तर दुर्मीळ कुठली उरणार? मला विचाराल तर ही सगळ्यात केविलवाणी बंदूक. ना शिकारीला गेली, ना लढाईला. जन्मल्यापासून खोक्यात.

आता हे सगळं मी इतकं मनाला का लावून घेतलं, ते सांगते. आमच्या घरातही एक बंदूक आहे. म्हणजे होती. म्हणजे आहे, पण पोलीस स्टेशनात.

सावंतवाडीजवळच्या आमच्या गावी आजोबांची ठासणीची बंदूक होती. शेती संरक्षणाचा परवाना, डुक्कर आणि माकडं हाकलण्यासाठी. आचारसंहिता लागली की ती नेऊन जमा करायची, निवडणूक झाली की परत आणायची, हा घरचा सणच होता. मी लहान असताना आजोबा बागेत हवेत एक बार काढायचे. सुतळी बॉम्बच्या दहापट आवाज, अंगणभर गंधकाचा वास आणि आम्ही मुलं माजघरात. त्यानंतरचा कार्यक्रम मला जास्त आवडायचा. आजोबा नळीत कढत पाणी ओतायचे, काळंशार पाणी खालून निघायचं, मग चिंधी, मग तेल. काळ्या दारूची राख हवेतलं पाणी ओढून घेते आणि कोकणातल्या हवेत दोन दिवस तशीच राहिली तर नळी गंजायला लागते, हे त्यांनी मला सातव्या वर्षी शिकवलं. इतर नातवंडांना त्यांनी काय शिकवलं मला माहीत नाही.

आजोबा गेल्या वर्षी गेले. परवाना त्यांच्या नावाचा, त्यामुळे बंदूक जमा झाली. आता काकांना वारसाहक्काने परवाना हवाय. आईचं म्हणणं, सरकारला देऊन टाका, एकदाचा विषय संपवा. मी मधला मार्ग शोधत होते. शस्त्र कायद्यात एक सोय आहे. जुनं, संग्रही ठेवण्याजोगं हत्यार, जे दुरुस्त करूनही झाडता येणार नाही, त्याला परवाना लागत नाही. म्हणजे नळी कायमची बंद करायची, कलेक्टर ऑफिसच्या चकरा मारायच्या आणि बंदूक परत ओसरीच्या भिंतीवर. मला हे फारच शहाणपणाचं वाटत होतं. काका भडकले. “वाजत नाही ती बंदूक कसली? काठी म्हण.” आणि त्यांचा मुद्दा अगदीच टाकाऊ नाही. वर्षातून एकदा वाजवली, की वर्षातून एकदा घासूनपुसून साफ होते. भिंतीवरची कोण साफ करणार? पुण्याहून मी?

ग्राझच्या बंदुका न वाजता टिकल्या, कारण त्यांना पुसायला पगारी माणसं आहेत. हे मी काकांना सांगितलेलं नाही.

शस्त्रागारातून बाहेर आलो, तर वहिनी शेजारच्या लांडहाऊसच्या चौकात बसली होती. कमानींचे तीन मजले, उन्हातली टेबलं, एकदम पिक्चरमधल्यासारखं. तिच्यासमोर कॉफी निवून गेलेली. मी उत्साहात आकडे सांगायला लागले, वेग, नेम, कवच. तिने ऐकून घेतलं.

मग म्हणाली, “शाळेतला गोळीबार झाला तेव्हा छोटी वर्गात होती. दुसऱ्या शाळेत, पण याच शहरात. तिला घेऊन घरी येईपर्यंत मला काही सुचत नव्हतं.”

१० जून २०२५. ग्राझमधल्या एका शाळेत माजी विद्यार्थ्याने दहा जणांचा जीव घेतला आणि मग स्वतःचा. त्याच्याकडची दोन्ही हत्यारं कायदेशीर होती. त्यानंतर ऑस्ट्रियाने कायदा कडक केला, पिस्तूल घ्यायचं वय २१ वरून २५ केलं. हे मी पुण्यात वाचलं होतं आणि स्क्रोल करून पुढे गेले होते. इथे येताना एकदाही आठवलं नाही. ३२ हजार हत्यारं बघताना तर नाहीच.

दादा काही बोलला नाही. मीही नाही.

संध्याकाळी छोटीला घेऊन श्लॉसबर्गवर गेलो. १८०९ मध्ये नेपोलियनच्या फौजेने हा किल्ला उडवायला घेतला, तेव्हा ग्राझच्या लोकांनी पैसे भरून घड्याळाचा मनोरा आणि घंटेचा मनोरा तेवढे सोडवून घेतले. त्या दुसऱ्या मनोऱ्यात लीझल नावाची घंटा आहे, १५८७ची. तुर्कांचे १०१ तोफगोळे वितळवून ती ओतली अशी दंतकथा आहे, म्हणून रोज सकाळी सात, दुपारी बारा आणि संध्याकाळी सातला तिचे १०१ ठोके पडतात. छोटी बोटांवर मोजायला बसली. सत्तावन्नला तिची गडबड झाली, पुन्हा एकपासून सुरू.

“आजोबांची बंदूक आता कुठेय?” वहिनीने विचारलं.

“पोलीस स्टेशनात.”

“मग काय घाई आहे?”

रात्री मी काकांना मेसेज टाकला. नळी बंद करून घेऊ, खर्च माझा, आणि दर मे महिन्यात येऊन मी स्वतः पुसेन, कढत पाण्यासकट. दोन निळ्या टिका लगेच आल्या. उत्तर सकाळी आलं. ‘बंद नळीत पाणी कुठून ओतणार गं?’