वग पूर्ण बघायचा

चैत्र लागला की आमच्या घरात परीक्षा आणि जत्रा एकदमच यायच्या. मीना नदीच्या काठी, नारायणगावपासून सायकलच्या अंतरावर आमचं गाव. तीन भावांचं एकत्र घर आणि त्यात आम्ही सगळी चुलत-आत्ते-मामे भावंडं. सकाळी भूगोलाचा पेपर आणि रात्री तमाशा, असं आमच्यापैकी प्रत्येकाच्या वाट्याला कधी ना कधी आलेलंच. पण घरातला खरा वाद पेपरचा नव्हताच. धाकटी पोरं आईच्या मांडीवर झोपून जायची, थोरले मुलगे मित्रांबरोबर कुठंही बसायचे. वाद असायचा तो सातवी ते दहावीतल्या पोरींचा. त्यांना न्यायचं का, नेलं तर कुठवर बसू द्यायचं, आणि मुळात गावानं तमाशा कुठला ठरवलाय?

हे ठरायचं नारायणगावात. पाडव्याच्या सुमारास तिथं फडांच्या राहुट्या लागतात. पुणे, नगर, नाशिक जिल्ह्यांतल्या गावोगावचे पंच येतात, मॅनेजरसमोर बसतात, तारीख जुळवतात, सुपारी ठरवून विसार देतात. नारायणगावाला तमाशाची पंढरी म्हणतात ते यामुळेच. आमचे थोरले चुलते, नाना, पंचांमध्ये असायचे. विठाबाई नारायणगावकर, दत्तोबा तांबे शिरोलीकर, चंद्रकांत ढवळपुरीकर, कांताबाई सातारकर ही नावं आम्ही पुस्तकातल्या कवींच्या आधी शिकलो, कारण रात्रीच्या जेवणाला नाना एकेका फडाचा हिशेब मांडायचे. ढोलकीवाला कोण आहे, सोंगाड्या नवा आहे की जुना, गाड्या किती. आणि शेवटी त्यांचा नेहमीचा प्रश्न, जो ते मॅनेजरलाही विचारून आलेले असायचे: “वग कुठला? पूर्ण करणार ना?” पहाट झाली म्हणून वग, म्हणजे तमाशातलं शेवटचं नाट्य, अर्ध्यात गुंडाळणारा फड त्यांना चालत नसे.

आत्या घोडेगावला शिक्षिका होती. पुण्यात डी.एड. करताना तिनं ‘कट्यार काळजात घुसली’ बघितलं होतं. ते नाटक 1967 मध्ये आलं, तेव्हा ते नवंकोरं होतं. वसंतराव देशपांड्यांचा खाँसाहेब तिच्या डोळ्यांपुढून कधी हलला नाही. सुट्टीत आली की भाकऱ्या थापताना ती आम्हाला सगळी गोष्ट गाण्यांच्या जागांसह सांगायची. घरातल्या बाकीच्यांचा हिशेब वेगळा होता. पुण्यातलं संगीत नाटक म्हणजे घरंदाज, पोरींना दाखवायला हरकत नाही. तमाशा मात्र पुरुषांनी बघायचा. आत्याला ही विभागणीच मान्य नव्हती. गाणारा माणूस समोर उभा राहून गातोय, वादक त्याच्याकडे बघून वाजवतोय आणि त्यातून गोष्ट पुढं सरकतेय, एवढं असलं की तिच्या लेखी ते पोरांनी बघायलाच हवं.

एका वर्षी, आम्ही दोघी आठवीत आणि थोरली दहावीत असताना, हा वाद ओसरीवर झाला. आम्ही आतल्या खोलीत दाराला कान लावून बसलो होतो.

“वग घरात सांगितलास ना जेवताना?” आत्यानं विचारलं.

“सांगितला.”

“मग घरात सांगण्यासारखा असेल तर घरातल्यांनी बघण्यासारखाही असंल की, नाना.”

“वगाचं नाही गं. वगाच्या आधीचं.”

“ते माझ्या शेजारी बसून बघतील. कळलं नाही तर मला विचारतील. तू नको म्हणालास तर भिंतीवरून बघतील, आणि मग कुणाला विचारतील?”

नाना बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी घोंगडी किती लागतील ते विचारलं.

दुपारी फडाच्या गाड्या शाळेच्या पटांगणात आल्या. फळ्या उतरल्या, बांबू रोवले गेले, जनरेटर लांब ओढ्याकडच्या कडेला लावला. शाळेच्या नळावर आम्ही हंडे भरायला गेलो, तेव्हा आमच्याच वयाची एक मुलगी पायांतल्या पट्ट्यांवर घुंगरं शिवत बसली होती. पट्टीचं कापड जाड, जुनं; सुटलेल्या घुंगरांच्या जागी आधीच्या दोऱ्याची भोकं मोठी झालेली. ती प्रत्येक घुंगरू दोनदा ओवायची, दातानं दोरा तोडायची आणि पट्टी कानाजवळ नेऊन हलवून बघायची. आमच्यातल्या एकीच्या हातात भूमितीचं पुस्तक होतं. त्या मुलीनं ते मागून घेतलं, चाळलं आणि म्हणाली, “मी सातवीपर्यंत होते. आता आजीकडं धाकटा भाऊ शिकतो.” एवढंच बोलणं झालं. रात्री गवळणीत ती मावशीच्या मागं, डोक्यावर मडकं घेऊन, तिसरी उभी होती. तिचाच पाय बरोबर समेवर पडतो की नाही, हे आम्ही श्वास रोखून बघत होतो. पोरींना काय बघवेल याची घरात एवढी चर्चा झाली होती, आणि आमच्या एवढीच एक पोर तिथं उभी राहून रात्र पेलत होती. आत्यानं ते हेरलं होतं. “ती थकल्यावर काय करते ते बघा,” ती हळूच म्हणाली. ती थकलेली आम्हाला दिसली नाही.

आधी गण, मग गवळण, बतावणी, रंगबाजीच्या लावण्या, आणि मध्यरात्र उलटल्यावर वग, असा तो सगळा क्रम आम्ही प्रथमच जागेपणी पाहिला. लावण्यांच्या वेळी आई पदर सावरत इकडंतिकडं बघायची, आत्या मात्र सरळ बोर्डावर. एका जागी तिनं आमच्या गुडघ्यावर बोट ठेवून ताल दाखवला: ढोलकी कुठं थांबते आणि बाई मोकळ्या जागेत पाय कसा टाकते. आम्ही संगीताचा पहिला धडा शिकलो तो असा. वग राजा-प्रधानाचा होता, पण सोंगाड्यानं आमच्या गावच्या बंद पडलेल्या पाणीयोजनेची तक्रार त्या राजाच्या दरबारात मांडली तेव्हा सरपंचांसकट सगळे हसले. लिहिलेलं कुठं संपतं आणि जागच्या जागी रचलेलं कुठं सुरू होतं, ते आम्हाला ओळखू येईना. वग संपला तेव्हा शिवनेरीच्या बाजूचं आभाळ अजून काळं होतं आणि पूर्वेला उजाडत होतं.

विठाबाईंना आम्ही त्यानंतर पाहिलं, त्या पन्नाशीच्या घरात असताना. 1935 साली पंढरपुरात जन्मलेल्या, भाऊ-बापू मांग नारायणगावकरांच्या फडात वाढलेल्या या बाईंना 1957 मध्ये आणि पुढं 1990 मध्ये राष्ट्रपतींचा सन्मान मिळाला. दिवस भरलेले असताना त्या बोर्डावर उभ्या राहिल्या, कार्यक्रमातच बाळंत झाल्या आणि पुन्हा येऊन नाचल्या, ही गोष्ट आमच्याकडच्या घराघरात बायका सांगतात. पुरुष ती सांगताना कौतुकानं सांगत. आमची आई ती एकदा सांगता सांगता थांबली आणि म्हणाली, “तिला कुणी बस म्हणालं नाही का?” तमाशाबद्दल आम्हाला काही समजलं असेल तर ते याच एका प्रश्नातून. 2002 मध्ये विठाबाई गेल्या. पुढं राज्य सरकारनं त्यांच्या नावानं जीवनगौरव पुरस्कार सुरू केला. हयातीत मात्र उतारवयाचे दिवस त्यांनी हलाखीत काढले.

आता आमची पोरं त्या वयात आली आहेत. आत्याच्या जागी आम्ही आहोत आणि निवड आमच्याकडं आहे. सुट्टीत सगळी गोळा झाली की प्रश्न येतो: यांना नेमकं काय दाखवायचं? शिवनेरीच्या पायथ्याशी वाढलेल्यांना ‘जाणता राजा’ दाखवायचाच, असं एका भावाचं म्हणणं असतं. बाबासाहेब पुरंदऱ्यांचं ते महानाट्य 1985 पासून चालत आलेलं, घोडे-हत्तींसकट. तेही पोरांनी बघितलं, डोळे भरून बघितलं. पण घरी आल्यावर त्यांच्यात चर्चा घोड्यांची झाली. आमचा कल लहान नाटकाकडं होता, जिथं गाणाऱ्याचा श्वास ऐकू येतो.

म्हणून ‘संगीत देवबाभळी’ ठरवलं. 2017 च्या अखेरीस रंगभूमीवर आलेलं, प्राजक्त देशमुखांनी लिहिलेलं आणि बसवलेलं हे नाटक. बोर्डावर फक्त दोघी. तुकोबांना शोधत भंडाऱ्याच्या डोंगरावर निघालेल्या गरोदर आवलीच्या पायात काटा जातो, विठ्ठल तो काढतो, आणि तिची सेवा करायला रखुमाई दुसऱ्याच बाईच्या नावानं तिच्या घरी येऊन राहते. शुभांगी सदावर्ते आणि मानसी जोशी गायच्या त्या तिथंच, आपल्यासमोर. आमच्यातल्या एकीला धास्ती होती की दोन बायका बोलतायत आणि अभंगांची चाल आहे, यात नववीतला मुलगा रमणार नाही. मुलींना उगीच ‘आपल्या संस्कृतीचं’ म्हणून औषधासारखं पाजायचं नाही, हेही ठरलं होतं. आम्ही त्यांना गोष्ट आधी सांगितली नाही. तिकिटं चिंचवडच्या रामकृष्ण मोरे प्रेक्षागृहाची काढली, आमच्या बाजूनं ते सोयीचं.

गावच्या जत्रेलाही आम्ही त्यांना नेतो, पण तिथं मन खट्टू होतं. 2020 मध्ये ऐन पाडव्याच्या तोंडावर टाळेबंदी आली, राहुट्या रिकाम्या राहिल्या, फडमालक कर्जात बुडाले, आणि त्यानंतर कितीतरी गावांनी निव्वळ गाण्यांचा कार्यक्रम घेण्याची सवय लावून घेतली. फड येतो तिथंही सिनेमाची गाणी संपली की गर्दी पांगते आणि वगाला पुढच्या चार रांगाच उरतात. आम्ही त्या चार रांगांत बसतो. गावच्या बैठकीत आमचा भाऊ अजून नानांचाच प्रश्न विचारतो आणि त्याचा आम्हाला अभिमान आहे.

‘देवबाभळी’ बघून परतताना चाकणच्या कोंडीत गाडी अडकली. दहावीतली मुलगी चिडलेली होती. “विठ्ठल काटा काढून निघून गेला. घर कोण चालवणार?” नववीतला म्हणाला, त्यानं रखुमाईला पाठवलं की. “पाठवलं! स्वतः आला असता तर?” मागच्या सीटवर आत्या होती, आता ऐंशीच्या जवळ पोचलेली. तिनं मुलाची बाजू घेतली, मुलीनं तिला उलट विचारलं, आणि राजगुरुनगर येईपर्यंत कुणीच माघार घेतली नाही.