याला प्ले आहे का?

तर मंडळी, या वीकेंडला पुन्हा खेळणं. (आई म्हणते, तिशी आली, आता तरी... असो.)

ऑफिसातला एक मित्र टोकियोचं ऑनसाइट संपवून परत आला. येताना तिथल्या जुन्या मालाच्या दुकानातून त्याने निन्टेन्डो डीएस लाइट उचलली, सोबत टायटोचा 'अर्कनॉइड डीएस' हा २००७ सालचा गेम आणि त्याचा पॅडल कंट्रोलर. महिनाभरासाठी माझ्याकडे आहे.

पॅडल म्हणजे जुन्या रेडिओला असतो तसा एक नॉब. डीएसच्या खालच्या कडेला गेमबॉय अॅडव्हान्सच्या कार्ट्रिजसाठी खाच असते, तिच्यात तो खटकन बसतो. नॉब फिरवला की पडद्यावरची फळी सरकते, तिच्यावर आपटून चेंडू वर जातो, विटा फुटतात. बस्स, एवढंच! अटारीने १९७६ साली 'ब्रेकआउट' काढला तेव्हापासून एवढंच आहे.

आमच्या पिढीने विटा फोडल्या त्या 'ब्रिक गेम'वर. दादरच्या फुटपाथवर मिळायचा तो, डब्यावर '९९९९ इन १' लिहिलेला. प्रत्यक्षात टेट्रिस, रेसच्या गाड्या, रणगाडे आणि विटा, हेच फिरून फिरून. त्यात पडदाच मुळी दहा बाय वीस चौकोनांचा. बटण दाबलं की फळी एक घर सरकणार. अर्धं घर? नाही म्हणजे नाही. चेंडू दोन घरांच्या मधून निसटतोय हे दिसायचं आणि करता काही यायचं नाही.

इथे तसं नाही. नॉब जरासा फिरवा, फळी जराशी सरकते. गर्रकन फिरवा, या टोकाची त्या टोकाला. मध्ये काही नाहीच, असं वाटतं. पहिली पाच मिनिटं माझी फळी चेंडूच्या पुढेच धावत होती, कारण बोटांना बटणांची सवय. मग हात आपोआप हळू झाला. डीएसच्या पेनानेही फळी ओढता येते, पण त्यात आपलाच हात पडद्याच्या आड येतो. मला नॉबच पटला.

थोडी इंजिनिअरगिरी करतो, सहन करा. अटारीच्या जुन्या पॅडलमध्ये पोटेन्शिओमीटर असायचा, रेडिओच्या व्हॉल्यूममध्ये असतो तोच. तो एका टोकाला अडतो आणि धूळ बसली की रेडिओ जसा खरखरतो तशी इथे फळी थरथरते. डीएसचा नॉब अडतच नाही, फिरवाल तितका फिरतो. आतून फक्त आठ बिटचा एक आकडा वरखाली होतो. २५५ नंतर पुन्हा ०. म्हणजे गेमला नॉब कुठे आहे याच्याशी देणंघेणं नाही, किती हलला तेवढंच कळतं.

हे मी उत्साहाने बाबांना सांगत होतो. बाबा परळच्या रेल्वे वर्कशॉपात टर्नर होते, आयुष्यभर लेथवर. माझ्या कामाबद्दल ते कधी काही विचारत नाहीत, मीही सांगत नाही. त्यांनी नॉबकडे बघितलं आणि विचारलं, "याला प्ले आहे का?"

म्हटलं, "बाबा, गेमच आहे, प्ले करायचाच की!"

"तसा नाही रे. ढिलाई. चाक उलटं फिरवलं की पहिलं थोडं फुकट जातं, ते."

मी बघितलं. नव्हती. "दे इकडे," म्हणाले.

गेली दोन वर्षं बाबा चहाचा कप दोन हातांनी धरतात. विचारलं की "थंडी आहे" म्हणतात. लालबागला, मे महिन्यात! त्यांनी उजव्या हाताने नॉब धरला आणि फळी थरथरायला लागली. बारीक, एकसारखी. थोड्या वेळाने मी पुटपुटलो, "जुना आहे ना, धूळ असेल आत." दोनच मिनिटांपूर्वी मी त्यांना उलट सांगितलं होतं.

बाबांनी नॉबवरचा हात काढला. फळी थांबली. हात ठेवला, थरथरली. पुन्हा काढला. मशीनमधला बिघाड शोधतात तसं तीन-चार वेळा करून बघितलं. मग म्हणाले, "नॉब चांगला आहे."

आई ओट्यापाशी होती, तिने वळून बघितलं नाही, पण भांड्यांचा आवाज थांबला.

नंतर त्यांनी मनगट टेबलाच्या कडेवर टेकवलं, कोपर अंगाशी घेतलं आणि नॉब फक्त दोन बोटांनी धरला. लेथवर शेवटचा कट घेताना असंच करायचं म्हणे, दोन थाऊ काढायचे असले की. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. थरथर गेली नाही, पण खूपच कमी झाली. पहिला राउंड पार. दुसराही. तिसऱ्यात चेंडूचा वेग वाढला आणि बाबांनी अस्सल वर्कशॉपातली शिवी हासडली, जी इथे छापता येणार नाही.

मंगळवारी केईएमच्या ओपीडीत जायचं ठरलंय. मी सुट्टी टाकलीय. काल चार्जर कुठे आहे म्हणून विचारत होते. तिथे रांगेत फार वेळ जातो, हे घेऊन गेलं तर चालेल का, तुझा मित्र काही म्हणेल का?