तीन वर्षांचा विद्यार्थी, अठरा वर्षांचे मूल




दुभंगलेला ओठ आणि दुभंगलेली टाळू यांवरचे उपचार एका शस्त्रक्रियेत संपत नाहीत. जन्मापासून अठराव्या वर्षापर्यंत ते टप्प्याटप्प्याने चालतात. जगात साधारण 700 जन्मांमागे एका बाळात हे व्यंग आढळते. गर्भारपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत, आधी ओठाचे आणि मग टाळूचे भाग जुळायचे राहून जातात. (ग्रहणात आईने भाजी चिरली म्हणून ओठ फाटला, ही समजूत मात्र अजून कित्येक घरांत ठाण मांडून आहे, आणि बाळंतिणीला ती मुकाट्याने ऐकून घ्यावी लागते.) या उपचारांत वैद्यकीय विद्यार्थ्यांचा वाटा ठरवताना पहिली अडचण काळाची येते. प्लास्टिक सर्जरीचे एम.सीएच. तीन वर्षांचे, दंतशास्त्राचे एम.डी.एस.ही तीन वर्षांचे. ओठ शिवताना शेजारी उभा असलेला विद्यार्थी त्याच बाळाचे बोलणे ऐकायला बहुधा तिथे उरलेला नसतो.

सुरुवात दुधापासून होते. टाळू उघडी असली की बाळाला तोंडातला हवेचा दाब कमी करून दूध ओढता येत नाही. घेतलेले दूध नाकातून येते. बाळाला उभे धरून बोंडल्याने किंवा चमच्याने थोडे थोडे पाजणे आणि मधून मधून ढेकर काढणे हे आईला शिकवावे लागते. ते काम परिचारिका-विद्यार्थिनी आणि इंटर्न यांच्याकडे येते व हलके समजले जाते. वास्तविक शस्त्रक्रियेची तारीख त्यावरच ठरते. दहा आठवडे वय, दहा पौंड वजन आणि दहा ग्रॅम हिमोग्लोबिन हा ओठाच्या शस्त्रक्रियेचा जुना ठोकताळा आहे. दूध पोटात गेले नाही, तर सर्जन कितीही निष्णात असला तरी बाळ टेबलावर जात नाही.

शस्त्रक्रियेआधी काही केंद्रांत हिरडी आणि नाक यांना आकार देणारी छोटी प्लेट बसवतात. तिचे माप घेणे, ती थोडी थोडी घासून बदलणे, गालावर पट्टी कशी लावायची ते दाखवणे, हे दंतशास्त्राच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांचे काम. त्यासाठी आईवडिलांना साधारण दर आठवड्याला यावे लागते. त्यांचा एसटीचा खर्च आणि बुडणारी मजुरी यांचा हिशेब जो विद्यार्थी विचारतो, त्याच्याकडची बाळे मध्येच येणे सोडत नाहीत.

विद्यार्थ्याच्या हाती चाकू येतो तो बराच नंतर. सर्जन राल्फ मिलार्ड यांनी 1955 साली स्टॉकहोमला मांडलेली ओठ जुळवण्याची पद्धत आजही शिकवली जाते. आधी संगणकावर आणि सिलिकोनच्या प्रतिकृतीवर सराव, मग मदतनीस, मग वरिष्ठांच्या देखरेखीखाली एखादा टप्पा, हा क्रम रास्त आहे. टाळूची पहिली शस्त्रक्रिया फसली, तर व्रण धरलेल्या जागेवर पुन्हा काम करणे फार अवघड जाते. म्हणूनच शस्त्रक्रियेच्या शिबिरांत ‘हात साफ करण्याची’ हौस अक्षम्य ठरते. परवानगीशिवाय बाळाचा फोटो मोबाइलवर फिरवणेही त्याच जातीचे.

सर्वांत दुर्लक्षित भाग वाणीचा. टाळू शिवल्यावरही ती घशाच्या मागच्या भिंतीला टेकली नाही, तर हवा नाकातून निसटते. मग ‘ब’चा ‘म’ होतो आणि मूल बाबांना ‘मामा’ म्हणते. घरात हसू होते, शाळेत चेष्टा. ‘बाबा, कपाट उघडा’ अशा वाक्यात एकही अनुनासिक नाही. ते म्हणताना नाकाखाली धरलेला आरसा धुरकटला, तर हवा गळते आहे. ही तपासणी वाक्श्रवणोपचाराच्या विद्यार्थ्याला लवकर जमते, शिवाय त्याचा कान ताजा असतो. रोज तेच मूल ऐकणाऱ्याला चुकीचा उच्चारही सरावाने बरोबर वाटू लागतो.

सर्जन, दंतवैद्य, वाणीतज्ज्ञ या सगळ्यांनी एकाच खोलीत बसावे, ही कल्पना जुनी आहे. 1938 साली पेनसिल्व्हेनियातल्या लँकेस्टरमध्ये हर्बर्ट कूपर या दंतवैद्याने तसे केंद्र काढले. ब्रिटनमध्ये 57 ठिकाणी विखुरलेले हे काम 8 ते 15 केंद्रांत एकवटावे, अशी शिफारस 1998 च्या अहवालात झाली, कारण थोड्याच मुलांवर शस्त्रक्रिया करणाऱ्यांचे निकाल चांगले नव्हते. भारतात परंपरा गुरु-शिष्यांची. मुंबईच्या डॉ. चार्ल्स पिंटो यांचे शिष्य डॉ. हिरजी अडेनवाला यांनी त्रिशूरच्या ज्युबिली मिशन रुग्णालयात उभारलेले केंद्र गुरूच्याच नावाने चालते. आता 2013 पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाडीत आणि शाळांत अशी मुले हेरतात. भारतात विद्यार्थ्यांना शिकण्यासाठी अशी मुले कमी नाहीत. तुटतो तो पाठपुरावा.

तो जोडण्याचे काम नोंदींनी होते. एकाच कोनातून ठरावीक वयाला घेतलेले फोटो, दातांचे साचे, दर वेळी त्याच वाक्यांचे ध्वनिमुद्रण आणि शेजाऱ्याचा फोन नंबरसुद्धा. सुळा येण्याआधी, साधारण आठ ते अकराव्या वर्षी, हिरडीच्या फटीत हाड बसवतात. तेव्हा समोर असतो तो नवाच विद्यार्थी, आणि आधीच्याने लिहून ठेवलेला कागद.