शरणपूरची शिल्लक

मूळ नावं. ब्रिटिश आरमारानं गुलामांच्या गलबतांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलं मुंबईला उतरवली जात. त्यांतली काही नाशिकला, चर्च मिशनरी सोसायटीच्या शरणपुरात येत. इथं ती जेकब, मॅथ्यू, विल्यम झाली. मॅथ्यू वेलिंग्टनचं चेंगविंबे हे नाव टिकलं. आई काय हाक मारायची, हे बाकी कितीकांच्या बाबतीत गेलंच.

हत्यारं. सुतारकाम, लोहारकाम शिकवत. त्यातलं काही उरल्याचं ऐकिवात नाही.

देव. पूर्व आफ्रिकेतले याओ लोक झाडाच्या बुंध्याशी पूर्वजांना पीठ वाहत. शरणपुरात त्याला थारा नव्हता. पुढे १८७३ साली आफ्रिकेत चितांबोच्या गावी मिशनरी प्रवासी डेव्हिड लिव्हिंगस्टन वारला. सोबत्यांनी त्याचं काळीज झाडाखाली पुरलं. प्रार्थना वाचली ती जेकब वेनराइटनं. हा याओ, शिकलेला नाशिकला. खोडावर अक्षरंही त्यानंच कोरली. पुस्तक शरणपूरचं, झाड याओंचं, असं आपलं मला वाटतं. मग प्रेत सुकवून, सालीत गुंडाळून किनाऱ्यापर्यंत वाहून आणलं. १८ एप्रिल १८७४ला वेस्टमिन्स्टर ॲबेत शवपेटीच्या मानकऱ्यांत वेनराइट होता.

त्याच १८७३ साली पुण्यात जोतीराव फुल्यांची ‘गुलामगिरी’ निघाली, अर्पण केली ती गुलामी मोडणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना. पुण्याहून नाशिक किती जवळ! पण मिशनच्या आवारातली ही पोरं कुणा मराठी लेखकाच्या लिखाणात आली असतील, तर मला तरी ती भेटलेली नाहीत.

वस्ती. १८७५च्या सुमारास मोंबासाजवळ फ्रिअर टाउन वसलं, वसवणारे शरणपूरचेच पाद्री विल्यम सॉल्टर प्राइस. मंडळी तिकडे गेली आणि तिथं त्यांना ‘बॉम्बे आफ्रिकन’ म्हणू लागले. नाशिकचं नाव तिथंही मागे पडलं. आणि इथं? शरणपूर रोडवर कॅनडा कॉर्नरला या मंडळींविषयी कुणालाही विचारून बघा.

विल्यम जोन्स. स्वतः गुलाम म्हणून विकला गेलेला, शरणपुरात शिकलेला, १८८५ साली पाद्री झालेला. देव पिचलेल्याच्या बाजूचा, हे धर्मशास्त्रज्ञ जेम्स कोननं अमेरिकेत १९६९ साली ग्रंथात मांडलं. मोंबासाजवळ राबाईला जोन्सच्या मिशनमध्ये त्याच्या ऐंशी वर्षं आधीच शेकडो पळालेले गुलाम राहत होते. मालक बोंबलत आले. तडजोड झाली: १८८९च्या आरंभी मालकांना भरपाई मिळाली, पळून आलेल्यांना सुटकेचा कागद.