रिकामा रकाना

पहिल्यांदा मी अंदमानची ट्रिप पाच दिवसांत बसवली होती. मंगळवारी रात्री पुण्याहून निघून चेन्नईमार्गे बुधवारी सकाळी पोर्ट ब्लेअर (आता श्री विजयपुरम), दुपारच्या फेरीने हॅवलॉक (आता स्वराज द्वीप). गुरुवारी पूलमध्ये सराव, शुक्रवारी दोन डाइव्ह, शनिवारी दोन डाइव्ह, रविवारी परत. सोमवारी सकाळी ऑफिस, कारण सोमवारी रिलीज. एक्सेलमध्ये प्रत्येक रकाना भरलेला. मला त्या शीटचा फार अभिमान होता.

हिशोब चुकीचाही नव्हता. बिगिनरच्या 'ओपन वॉटर' कोर्सला समुद्रात चार डाइव्ह लागतात आणि त्या किमान दोन दिवसांत विभागाव्या लागतात. शेवटच्या डाइव्हनंतर लगेच विमानात बसायचं नाही, हेही मी वाचलं होतं. दाबाखाली श्वास घेताना नायट्रोजन रक्तात, स्नायूंत विरघळतो. वर आल्यावर तो हळूहळू बाहेर पडतो. आणि विमानाच्या केबिनमधला दाब असतो साधारण १,८०० ते २,४०० मीटर उंचीवरच्या हवेइतका, म्हणजे आपण कळसूबाईच्याही वर जाऊन बसल्यासारखं. नायट्रोजन अंगात शिल्लक असताना तिथे गेलात तर सोड्याची बाटली उघडल्यासारखे बुडबुडे होऊ शकतात, फक्त बाटली तुम्ही असता. सलग काही दिवस डाइव्ह केल्या असतील तर किमान १८ तास थांबा असं सांगतात. आमच्या डाइव्ह सेंटरवाल्यांचा नियम २४ तासांचा. माझी शेवटची डाइव्ह शनिवारी अकराला संपणार होती आणि विमान रविवारी एकचं होतं. सव्वीस तास!

शीटमध्ये माझ्या नाकाला रकाना नव्हता.

निघायच्या आधीचे दोन आठवडे रात्री दोनपर्यंत कॉल, त्यात ऑफिसचा एसी. सर्दी घेऊनच विमानात बसलो. पूलमध्ये निभावलं. शुक्रवारी बोटीवरून पाण्यात उतरलो आणि तीन मीटरवरच डावा कान अडकला. घाटात कानाला दडे बसतात ना, तसं सुरू होतं, पण घाटात गिळलं की सुटतं. इथे सुटत नाही आणि अजून अर्धा मीटर खाली गेलं की कोणीतरी कानात सुई घालतंय असं वाटतं. दहा मीटरवर पाण्याचा नि हवेचा मिळून दाब जमिनीवरच्या दुप्पट होतो, त्यामुळे सगळ्यात मोठा फरक पहिल्या काही मीटरमध्येच पडतो. कान जिंकतो किंवा हरतो तो तिथेच. इन्स्ट्रक्टर मला थोडा वर न्यायचा, नाक धरून हवा फुंकायला लावायचा, पुन्हा खाली. चौथ्यांदा त्याने अंगठा वर केला. पाण्याखाली त्याचा अर्थ 'छान' असा नसतो, 'वर चल' असा असतो.

बोटीवर मास्क काढला तर आत गुलाबी पाणी.

मी नाक मोकळं करणाऱ्या गोळीबद्दल विचारलं. तो म्हणाला, खाली असताना गोळीचा असर उतरला तर वर येताना हवा अडकेल, ते याहून वाईट. "तीन दिवस कानाला विश्रांती. पुढच्या गुरुवारपर्यंत थांबलास तर मी कोर्स पूर्ण करून देतो." मी हसून नाही म्हणालो. सोमवारी रिलीज होता.

तो रिलीज सोमवारी झाला नाही. गुरुवारी झाला.

घरी आल्यावर बाबांनी विचारलं, "रजा किती टाकली होतीस?"

"तीन."

"शिल्लक?"

"चौदा."

ते काही बोलले नाहीत. त्यांनी बोलायलाच हवं होतं असंही नाही. बाबा जिल्हा परिषदेत लेखा विभागात होते. अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झाले तेव्हा त्यांच्या खात्यावर पूर्ण ३०० दिवसांची अर्जित रजा होती, म्हणजे जास्तीत जास्त साठवता येते तेवढी. तिचे पैसे मिळाले आणि त्यातून माझं शैक्षणिक कर्ज फिटलं, त्यामुळे या विषयावर मी शहाणपणा करू शकत नाही. आईला अंदमान बघायचं होतं, सेल्युलर जेल खास करून. दर वर्षी 'रिटायर झाल्यावर' असं ठरायचं. ती त्यांच्या निवृत्तीच्या सात महिने आधी गेली.

पुढच्या जानेवारीत मी नवीन शीट केली आणि बाबांना म्हटलं, तुम्हीपण चला. नऊ दिवस. एका शनिवारपासून पुढच्या रविवारपर्यंत. गंमत म्हणजे याला रजा लागल्या पाच. बुधवार-रविवारच्या पाच दिवसांना तीन लागल्या होत्या. दोन जास्तीच्या रजांत चार दिवस मिळत होते आणि हे मला, जो रोज अल्गोरिदम ऑप्टिमाइझ करून पगार घेतो, वर्षभर दिसलं नव्हतं.

बाबांनी चष्मा लावून शीट तपासली, जुन्या सवयीने बोट ठेवून.

"बुधवार नि शुक्रवार रिकामे कसे?"

"त्यात काही नाही."

"काही नाही म्हणजे?"

"कान धरला, वारा सुटला, फेरी रद्द झाली तर. आणि काहीच नाही झालं तर काहीच नाही."

ऑडिटमध्ये न जुळणाऱ्या आकड्याकडे बघावं तसं त्यांनी त्या रकान्यांकडे बघितलं.

डाइव्हिंगचा वैद्यकीय फॉर्म त्यांनी उत्सुकतेने वाचला. पंचेचाळिशीच्या पुढे असाल तर पुढचे प्रश्न, त्यात रक्तदाब, कोलेस्टेरॉल. एकालाही 'हो' आलं की डॉक्टरांची सही. "मी काठावरच बरा," म्हणाले आणि थर्मास घेतला.

मंगळवारी खरंच वारा सुटला, बोट गेली नाही. बुधवारचा रिकामा रकाना तिथेच कामी आला. बुधवारी दोन, गुरुवारी दोन, चारही डाइव्ह झाल्या. कान उघडला त्या क्षणाबद्दल लिहायला हवं खरं तर, पण तो इतका साधा होता. टक् झालं आणि खाली प्रवाळ होतं. बारा मीटरवर एक पोपट मासा दगड कुरतडत होता आणि त्याचा आवाज मला ऐकू येत होता. वर येताना पाच मीटरवर तीन मिनिटं नुसतं थांबायचं असतं. ती तीन मिनिटं मला सगळ्यात जास्त आवडली.

शुक्रवारी अजून दोन डाइव्ह करता आल्या असत्या. विमान रविवारी होतं, हिशोबात बसत होतं. सेंटरवाल्याने सवलतही देऊ केली. पण गुरुवारी रात्री जेवताना बाबांनी विचारलं होतं, "उद्या तू कुठं जाणार नाहीस ना?"

विजयनगरच्या किनाऱ्यावर, ज्याला तिथे पाच नंबर म्हणतात, ओहोटीला पाणी फार मागे जातं. सकाळी आम्ही त्या उघड्या पडलेल्या वाळूवरून चालत गेलो. बाबांनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली होती. त्यांना शंखात राहणारे खेकडे सापडले आणि त्यांनी ते मोजायला घेतले. चाळीसच्या पुढे गोंधळ झाला, मग पुन्हा पहिल्यापासून. मी बाजूला उकिडवा बसून होतो. त्यांना आई आठवत होती का, हे मी विचारलं नाही.

शनिवारी सकाळच्या फेरीने पोर्ट ब्लेअर. विमानाआधी कोरडं राहायचा दिवस सेल्युलर जेलला दिला. सात पाख्यांपैकी आता तीनच उरलीत. बाबांनी प्रत्येक मजल्यावरून एक चक्कर मारली, काही न बोलता. सावरकरांच्या कोठडीपाशी गर्दी होती, तिथे ते फार थांबले नाहीत. शेजारच्या एका निनावी कोठडीत मात्र बराच वेळ उभे होते.

रविवारी विमानात त्यांनी खिडकी घेतली. बेटं ढगाखाली गेल्यावर माझ्याकडे वळून म्हणाले, "तुझी आता शिल्लक किती?"

"अकरा."

त्यांनी बोटांवर काहीतरी मोजलं.

"मे महिन्यात?"

"मेच्या शेवटी तिकडे पाऊस लागतो, बाबा."

"मग डिसेंबर धर," ते म्हणाले आणि सीटचा पट्टा आवळला.