कपाटाचे परिमाण

जवळ बाळगलेल्या वस्तू आणि त्यांच्यावरील ममत्व यांना जैन आचारशास्त्रात ‘परिग्रह’ म्हणतात, आणि गृहस्थाने त्याला आपणहून घातलेल्या मर्यादेला ‘परिग्रहपरिमाण’ ही संज्ञा आहे. वाशीम जिल्ह्यातील कारंजा (लाड) येथे सेनगण, बलात्कारगण आणि काष्ठासंघ या तिन्ही दिगंबर शाखांची भट्टारकपीठे, म्हणजे धर्माचार्यांच्या गाद्या, होत्या; त्यामुळे ही संज्ञा तेथे केवळ पोथीपुरती राहिली नाही. मर्यादा घालावयाच्या वस्तूंच्या यादीत ‘कुप्य’ हा एक वर्ग असून सुती, रेशमी इत्यादी वस्त्रे त्यात मोडतात. पुढे व्रतांच्या चढत्या पायऱ्यांवर क्षुल्लकाकडे लंगोटी व एक खंडवस्त्र, ऐलकाकडे केवळ लंगोटी आणि मुनीकडे काहीच नाही, अशी वस्त्रांची संख्या कमी होत जाते.

कारंज्याच्या या वऱ्हाडातून टोकियोत स्थायिक झालेल्या कुटुंबाला वस्त्रमर्यादेचा विचार व्रतापेक्षा जागेच्या टंचाईमुळे करावा लागतो. जपानी घरातील ‘ओशिइरे’, म्हणजे सरकत्या दारांमागील भिंतीतले कपाट, मुळात अंथरुणे ठेवण्यासाठी असते, आणि ‘कोरोमोगाए’ या जुन्या प्रथेनुसार साधारणतः १ जून व १ ऑक्टोबरला ऋतुमानाप्रमाणे कपडे बदलून उरलेले बांधून ठेवले जातात. स्थलांतरितांच्या घरी मात्र या दोन ऋतूंत तिसऱ्याची भर पडते, आणि तो म्हणजे गणपती-दिवाळीच्या पैठण्या व कुर्त्यांचा. वर्षातून दोनदाच बाहेर निघणारा हा गठ्ठा कोणत्याच आवराआवरीत हलत नाही, कारण त्यात वस्त्रापेक्षा गाव अधिक साठवलेले असते.

मारी कोंडो यांच्या २०१४ साली इंग्रजीत आलेल्या पुस्तकामुळे जगभर पोहोचलेली घर आवरण्याची जपानी पद्धत प्रत्येक वस्तू हाती घेऊन ती आनंद देते का, असे विचारते. या कसोटीवर माहेरची साडी नेहमीच उत्तीर्ण होते आणि कपाट तसेच भरलेले राहते. परिमाणाचे व्रत संख्या आधी ठरवते, त्यामुळे नवी साडी घेण्यापूर्वीच जुनीचे काय करायचे, हा प्रश्न उभा राहतो.

वऱ्हाडात त्याचे उत्तर घरातच असे: विरलेली लुगडी व धोतरे एकावर एक ठेवून धावदोऱ्याने शिवली की त्यांची वाकळ होई, आणि उरलेल्या कपड्यांवर बोहारीण भांडी देई. टोकियोतील अनेक विभागांत जुने कापड पुनर्वापरासाठी वेगळे गोळा केले जाते, परंतु तेथे दिलेले कापड घरी परतत नाही. म्हणून परदेशी कपाट आटोपशीर ठेवू पाहणाऱ्याने संख्येबरोबर कापडाचा पोतही पाहावा, हे इष्ट. जे सुती वस्त्र वापराने मऊ होते, त्याचीच पुढे वाकळ होते, आणि ओशिइरेत अंथरुणांची जागा तर मुळातच राखलेली असते.